हिवाळ्यातलं खोल पाणी

दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत आपल्या भागातल्या वर्तमानपत्रांत एक छायाचित्र हमखास छापून येतं. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाचा धक्का, त्यावर धरलेला पांढरा थर, आणि तो बोटांनी खरवडून दाखवणारे टोपीवाले पर्यटक. मथळाही ठरलेला: दवबिंदू गोठले. बर्फ कौतुकाचा असतो, म्हणून सगळ्यांची नजर धक्क्यावर जाते. त्या चित्रात मागे दिसणाऱ्या पाण्याकडे कोणी बघत नाही. पाणी गोठलेलं नसतं. उलट त्याच्यावरून वाफ उठत असते.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्हींचं कारण एकच आहे. निरभ्र रात्री धक्क्याच्या फळ्या, गवताची पाती, गाड्यांचे टप आपली उष्णता आकाशाकडे सोडून देतात. त्यांच्यात उष्णतेचा साठाच थोडा, त्यामुळे पहाटेपर्यंत त्या शून्यापर्यंत उतरतात. पाण्याचा साठा प्रचंड. एक घनमीटर पाणी एका अंशाने निवायचं असेल, तर ते जेवढी उष्णता सोडतं तेवढ्यात सुमारे साडेतीन हजार घनमीटर हवा एका अंशाने तापते. म्हणून हवा कडाक्याची आणि पाणी कोमट, असा अनुभव पहाटे नदीवर गेलेल्या प्रत्येकाला येतो. आमच्या मेढ्यात वेण्णेवर भल्या सकाळी कपडे धुणाऱ्या बायका सांगतात, की हात पाण्यात असेपर्यंत बरं वाटतं, बाहेर काढला की काकडतो.

याच अनुभवातून एक घातक समजूत तयार होते: आपल्याकडचं हिवाळ्यातलं पाणी काही थंड नसतं. थंड पाणी म्हणजे नॉर्वे, कॅनडा, बैकल. आपल्याकडे काय, एक स्वेटर घातला की झालं.

मी मेढ्यात भौतिकशास्त्र शिकवण्यात हयात घालवली. टाकी पाठीवर घेऊन पाण्याखाली श्वास घ्यायला मालवणात शिकलो तेव्हा पन्नाशी जवळ आली होती. त्या शिक्षणामुळे जावळी खोऱ्यात कोणी बुडाल्याचा निरोप आला की मलाही बोलावणं येऊ लागलं. मी पाण्यात उतरत नाही. वय झालं, आणि थोडा रक्तदाबही आहे. मी काठावर दोर धरतो आणि घड्याळ बघतो. त्या कामात एक प्रश्न मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. तो कधी बुडालेल्याचे वडील विचारतात, कधी गावचे पुढारी, कधी नुसती बघ्यांची गर्दी: टाकी आहे, माणूस तयार आहे, मग अजून खाली का जात नाही? दहा मिनिटांत वर का आला?

प्रश्न विचारणाऱ्याचं दुःख खरं असतं, आणि काठावर उभं राहून त्याला भौतिकशास्त्र सांगता येत नाही. इथे सांगता येईल.

आधी पाणी. मेढ्याच्या दोन बाजूंना दोन जलाशय आहेत. खालच्या अंगाला वेण्णेवरचं कण्हेर. पश्चिमेला डोंगर ओलांडला की कोयनेचा शिवसागर, बामणोली आणि तापोळ्यापर्यंत हात पसरून बसलेला. पावसाळ्यात दोन्हींत तांबडा गाळ येतो. कंदील पाण्यात बुडवला तर हातभरावर प्रकाश विझावा इतका. दिवाळीनंतर गाळ हळूहळू बसतो. म्हणजे पाणी सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात थंड आणि सगळ्यात भरलेलं असतं ते हिवाळ्यातच. मे महिन्यात जिथे होडी खेचत न्यावी लागते आणि जुन्या गावांची जोती उघडी पडतात, तिथे मार्गशीर्षात कित्येक पुरुष पाणी असतं. सहलीही याच दिवसांत येतात. वासोट्याला जाणाऱ्यांची गर्दी, तापोळ्याचे तंबू, रात्रीच्या शेकोट्या.

या पाण्याला थर असतात. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, हलकं होतं आणि खालच्या गार पाण्यावर तरंगत राहतं. दोन्ही सहसा मिसळत नाहीत. मालवणहून शिकून आलेल्या आमच्या मुलांना याचा पहिला धक्का एप्रिलमध्ये बसतो. पाच-सात मीटर सुखात उतरावं आणि अचानक कोणी गार चादर पायांवरून वर ओढल्यासारखं वाटावं. हिवाळ्यात वरचं पाणी निवून जड होतं, खाली बसतं, आणि हळूहळू वरपासून खालपर्यंत सगळं सारखंच गार होतं. थंड देशांत याहून वेगळं घडतं. पाणी चार अंशांना सगळ्यात जड, त्याहून थंड झालं की पुन्हा हलकं. म्हणून तिथे वर बर्फ धरतो आणि तळाशी चार अंशांचं पाणी राहतं, मासे जगतात. आपल्याकडे चार अंशांपर्यंत मजलच जात नाही. आपलं पाणी विशीच्या आसपास राहतं, कधी थोडं वर. आकडा ऐकायला सौम्य वाटतो. खोलीत वीस अंश असले तर आपण पंखा बंद करतो, एवढंच.

पण पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. उघड्या अंगाने स्वस्थ पडून राहायचं आणि अंगाने स्वतःहून जास्तीची उष्णता निर्माण करायची नाही, यासाठी पाणी तेहतीस ते पस्तीस अंशांचं लागतं. म्हणजे मालवणचा समुद्रसुद्धा, जो हिवाळ्यातही सत्तावीसच्या आसपास असतो, आपल्या अंगातून सतत उष्णता काढून घेत असतो. तिथे तासाभराने हुडहुडी भरते ती म्हणूनच. वीस अंशांच्या पाण्यात त्याच्या कितीतरी आधी.

थंड पाण्याचा पहिला घाव मात्र हुडहुडीचा नसतोच. तो पहिल्या दोन-तीन मिनिटांत पडतो. अंगाला अचानक गार पाणी लागलं की माणूस खच्चून श्वास आत ओढतो. ते त्याच्या हातात नसतं. मग श्वास धापेसारखे चालू राहतात, नाडी आणि रक्तदाब उसळतो. तो पहिला श्वास तोंड पाण्याखाली असताना आला, तर पट्टीचा पोहणाराही बुडतो. पाणी दहा ते पंधरा अंशांचं असलं की हा प्रकार सगळ्यात जोरदार होतो. विशीत सौम्य, पण उन्हातून धावत येऊन सूर मारणाऱ्याला किंवा पोटात दारू असणाऱ्याला तेवढाही पुरतो. इंग्लंडमधले शरीरशास्त्रज्ञ माइक टिप्टन यांनी यावर आयुष्यभर काम केलं. त्यांनी आणि मायकेल शॅटॉक यांनी २०१२मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आणली. चेहऱ्याला गार पाणी लागलं की हृदयाचे ठोके मंदावतात. सील, डॉल्फिन यांच्यातली ही प्रतिक्रिया आपल्यातही शिल्लक आहे. अंगाला गार पाणी लागलं की मात्र ठोके वाढतात. एकाच वेळी हृदयाला दोन हुकूम मिळतात, आणि त्या ओढाताणीत आधीच दुबळं हृदय बेताल होऊ शकतं. ‘चांगला पोहायला येत होतं हो त्याला’ हे वाक्य काठावर फार वेळा ऐकू येतं. ते खरंही असतं.

पहिली तीन मिनिटं निभली की पुढच्या दहा-तीस मिनिटांत हातपाय निकामी होऊ लागतात. शरीर त्वचेकडचं रक्त आत ओढून घेतं, स्नायू आणि नसा गार पडतात. बोटांना गाठ सोडता येत नाही. शरीराचं आतलं तापमान धोक्याच्या खाली जाणं ही यानंतरची गोष्ट. आपण ‘थंडीने गारठून मेला’ म्हणतो त्यातले पुष्कळ लोक गारठण्याच्या आधीच बुडालेले असतात.

आता टाकीवाला माणूस. मराठीत त्याला पाणबुड्या म्हणतात, आणि त्याच्या यंत्राला, सोयीची अक्षरं जुळवून केलेला शब्द, स्कूबा. फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३मध्ये जे यंत्र सिद्ध केलं त्याचं तत्त्व आजही तेच आहे. टाकीत दोनशे वातावरणांच्या दाबाने कोंडलेली हवा रेग्युलेटर दोन टप्प्यांत उतरवतो आणि पाणबुड्या जेवढा खोल असेल तेवढ्याच दाबाने त्याच्या तोंडात देतो. दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढतो. तीस मीटरवर माणूस एका श्वासात काठावरच्या जवळजवळ चौपट हवा घेतो.

बारा लिटरच्या टाकीत चोवीसशे लिटर हवा मावते. शांतपणे मिनिटाला वीस लिटर घेणाऱ्याला ती काठावर दोन तास पुरेल. तीस मीटरवर अर्धा तास. पण काकडणारं शरीर उष्णतेसाठी स्नायू थरथरवतं, त्याला जास्त प्राणवायू लागतो, आणि गाळात चाचपडत शोध घेणं म्हणजे श्रमच. श्वास दुप्पट झाला की उरली पंधरा मिनिटं. त्यातून वर येण्याची आणि अडीअडचणीची हवा वजा करा. ‘दहा मिनिटांत वर का आला’ याचं अर्धं उत्तर या हिशेबात आहे.

अंगावरचा वेटसूट पाणी आत येऊच देतो. आतला पातळ थर अंगाने तापतो, आणि सूटच्या रबरातले हवेचे बारीक फुगे ती ऊब धरून ठेवतात. ह्यू ब्रॅडनर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९५२च्या सुमारास तो बनवला. अणुबाँबच्या प्रकल्पावर काम केलेला माणूस; त्याच्या हातून निघालेली ही गोष्ट मला जास्त आवडते. तिचा दोष असा, की ते फुगेही दाबाखाली चेपतात. जितकं खोल जावं तितका सूट पातळ होतो. म्हणजे पाणी जिथे सगळ्यात गार तिथेच तो सगळ्यात कमी उपयोगी. शिवाय चेपलेला सूट तरंगत नाही, कमरेचं शिसं एकदम जड वाटू लागतं. कण्हेरच्या काठी डिसेंबरात पंख पसरून उन्हाला बसलेला पाणकावळा पाहिलात ना? त्याचे पिसांचे बाहेरचे भाग भिजतात, म्हणून बुडी मारणं त्याला सोपं जातं, आणि म्हणूनच प्रत्येक खेपेनंतर त्याला वाळत बसावं लागतं. आमच्या मुलांचं तेच होतं, फक्त एका दिवसात त्यांना पाणकावळ्याएवढ्या खेपा करता येत नाहीत.

थंड देशांतले पाणबुडे ड्रायसूट वापरतात. तो पाणी आत घेत नाही, आत लोकरीचे कपडे घालता येतात. काहीजण तर त्यात हवेऐवजी आरगॉन भरतात, कारण तो हवेच्या दोन-तृतीयांशच उष्णता वाहतो. त्यांचा एक त्रास आपल्याला नाही. टाकीतली हवा एकदम मोकळी झाली की निवते, आणि पाणी दहा अंशांखाली असेल तर रेग्युलेटरमध्ये बर्फ धरून तो उघडाच अडकतो; सगळी हवा भसाभसा निघून जाते. युरोपातल्या तळ्यांत असे अपघात नेहमीचे. शिवसागरात रेग्युलेटर गोठत नाही. आपली अडचण दुसरीकडे आहे, आणि ती समजायला एका बापलेकांची गोष्ट सांगायला हवी.

जॉन स्कॉट हॉल्डेन या स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञाने ब्रिटिश नौदलासाठी शेळ्यांवर प्रयोग करून १९०८मध्ये दाखवून दिलं, की दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात आणि चरबीत विरघळत जातो आणि वर येताना तो सावकाश बाहेर पडू दिला नाही तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे होतात. सांधे दुखतात, मज्जारज्जूत बुडबुडा अडकला तर पाय जातात. त्याने पाणबुड्यांसाठी पहिला शास्त्रीय तक्ता दिला: किती खोल, किती वेळ, वर येताना कुठे किती थांबायचं. आज मनगटावर संगणक आला तरी त्यातला हिशेब त्याच वंशातला.

त्याचा मुलगा म्हणजे जे. बी. एस. हॉल्डेन. १९०६ साली, वय तेरा, बापाने त्याला स्कॉटलंडच्या समुद्रात पाणबुड्याचा पोशाख चढवून उतरवलं. पोशाख मोठ्या माणसाच्या मापाचा. मनगटांतून पाणी शिरलं आणि पोरगा गारठून वर आला. पुढे १९३९मध्ये थीटिस ही ब्रिटिश पाणबुडी लिव्हरपूलच्या उपसागरात बुडून ९९ माणसं गेली, तेव्हा हा मुलगा, आता नामवंत शास्त्रज्ञ, स्वतःवर आणि सहकाऱ्यांवर प्रयोग करायला बसला. दाबाच्या टाकीत, बर्फाच्या पाण्यात, मुद्दाम कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा घेत. मार्टिन केस यांच्याबरोबर त्याने १९४१मध्ये लिहिलेल्या निबंधाच्या शीर्षकातच नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि थंडी हे तिघे शेजारी बसले आहेत. मला त्या शीर्षकाचं महत्त्व वाटतं, कारण पाण्याखाली हे तिघे एकेकटे येत नाहीत. तीस मीटरच्या पुढे नायट्रोजनची धुंदी चढते, धापेने कार्बन डायऑक्साइड साठतो तो ती वाढवतो, आणि थंडी आधीच मंद झालेल्या डोक्यावर बसते. या प्रयोगांत हॉल्डेनच्या मणक्याला कायमची इजा झाली. १९५७मध्ये ते कोलकात्याला आले, पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४मध्ये भुवनेश्वरला वारले. आपल्या मराठी पाठ्यपुस्तकांत ते जनुकशास्त्रामुळे येतात. बर्फाच्या पाण्यात बसलेले हॉल्डेन कोणी सांगत नाही.

थंडी आणि नायट्रोजनचं नातं सरळ नाही. अमेरिकन नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग केंद्राने २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाण्याखाली काम करणाऱ्यांना तळाशी उबेत किंवा गारव्यात, आणि वर येताना उबेत किंवा गारव्यात ठेवून पाहिलं. तळाशी उबदार आणि वर येताना गार, ही जोडी सगळ्यात वाईट ठरली. ऊब असताना रक्त सगळीकडे खेळतं, नायट्रोजन भरपूर भरला जातो. मग थंडीने वाहिन्या आवळल्या की तो बाहेर पडायला वाट उरत नाही. आता आमचा पाणबुड्या आठवा. उतरतो तेव्हा अंग गरम असतं, कामाने आणखी तापतं. वर येण्याच्या थांब्यावर तो निश्चल लटकतो आणि गारठतो. अगदी नको तीच जोडी. त्यात थंडीने आणि पाण्याच्या दाबाने हातापायांतलं रक्त छातीकडे ढकललं गेल्यामुळे मूत्रपिंडांना वाटतं पाणी जास्त झालं. लघवी होत राहते, रक्त घट्ट होतं. त्याच छातीत ढकललेल्या रक्तामुळे कधीकधी फुप्फुसांत पाणी झिरपतं, विशेषतः रक्तदाब असलेल्यांच्या. माझ्या दोर धरण्याचं कारण हेच.

वर आल्यावर गावकरी प्रेमाने दोन गोष्टी पुढे करतात: भडकलेली शेकोटी आणि ‘थोडी घे, ऊब येईल’ अशी बाटली. दारूने त्वचेकडे रक्त धावतं, ऊब वाटते आणि शरीर आतून आणखी निवतं. शेकोटीजवळ एकदम बसलं किंवा कढत पाण्याने अंघोळ केली, तर तापलेल्या त्वचेत उरलेला नायट्रोजन बुडबुडे धरू शकतो. कोरडे कपडे, कानटोपी, घोंगडी, गोड चहा आणि भरपूर साधं पाणी, यापलीकडे काही नको.

आता शेवटची अडचण, जी समुद्रावर शिकलेल्यांच्या लक्षात येत नाही. आपला जलाशय समुद्र नव्हे, डोंगरातला आहे. कोयना धरण भरतं तेव्हा पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून २१६३ फूट, म्हणजे सुमारे ६६० मीटर असते. तिथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा साडेसात टक्के कमी. डायव्हिंगच्या शास्त्रात तीनशे मीटरच्या वरचं पाणी म्हणजे उंचीवरचं पाणी. तक्ते बदलावे लागतात. बुडबुडे होतात ते खालचा दाब आणि वरचा दाब यांच्या गुणोत्तरामुळे, आणि वरचा दाब कमी असला की गुणोत्तर वाढतं. बामणोलीतले तीस मीटर हे शरीराच्या हिशेबाने समुद्रातल्या सुमारे बत्तीस मीटरांएवढे. प्रचलित तक्त्यांपैकी एकात तीस मीटरला वीस मिनिटं मिळतात, आणि त्याच्या पुढच्या ओळीत, पस्तीस मीटरला, चौदा. आम्हाला पुढची ओळ वाचावी लागते. प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर हे.

वडिलांना हे सगळं सांगून काय होणार? त्यांना त्यांचा मुलगा हवा असतो. काही वर्षांपूर्वीच्या जानेवारीत अशाच एका वडिलांनी मला विचारलं होतं, वर कधी येईल. त्याचं उत्तर मात्र द्यावं लागतं, आणि तेही थंडीतच आहे. बुडालेलं शरीर तळाशी जातं आणि आत वायू धरला की वर येतं. तो वायू जिवाणू तयार करतात; त्यांना ऊब लागते. उन्हाळ्यात एक-दोन दिवसांत जे होतं त्याला हिवाळ्यात जास्त वेळ, आणि खोल गार पाण्यात आठवडाही लागू शकतो, कारण तिथला दाब तयार झालेला वायूही चेपून ठेवतो. उत्तर अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरासारख्या अतिथंड पाण्यातून काही शरीरं कधीच वर येत नाहीत. आपल्याकडे येतात. मी त्यांना दिवस सांगितले. ते काठावर बसून राहिले. आमच्यातल्या एका भोई समाजाच्या म्हाताऱ्याने वाऱ्याचा अंदाज घेऊन होडीतून गळ फिरवायला घेतला. टाकीपेक्षा गळ आणि धीर यांनीच आमच्याकडे जास्त माणसं घरी पोहोचवली आहेत, हे मला शास्त्राचा शिक्षक म्हणूनही मान्य आहे.

कोयनेत मोठी माणसंही खोल पाण्याशी अशाच अदबीने वागली. चौथ्या टप्प्यासाठी भरलेल्या जलाशयाच्या पोटातून पाणी घ्यायचं होतं, तेव्हा तळाशी काम करायला माणसं उतरवण्याऐवजी अभियंत्यांनी नॉर्वेतली पद्धत घेतली: डोंगराच्या आतून बोगदा खणत जलाशयाच्या तळाखाली जायचं आणि शेवटचा खडक खालून सुरुंगाने उडवायचा. पहिलं लेक टॅपिंग १३ मार्च १९९९ रोजी झालं, दुसरं २५ एप्रिल २०१२ रोजी. आणि जिथे माणसानेच उतरायला हवं होतं तिथेही ऋतू पाहिला गेला. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतून डॉ. एस. आर. राव आणि त्यांचे सहकारी १९८०च्या दशकात द्वारकेच्या समुद्रात बुडालेल्या वस्तीचा शोध घेत होते, तेव्हा पावसाळ्याचा खवळलेला समुद्र निवळल्यावरचे महिनेच त्यांना हाताशी होते. स्वच्छ पाण्यासाठी थंडी सोसायची, हा सौदा आपल्या देशात जुना आहे.

आमच्या पथकाचे नियम याच सगळ्यातून आले. दिवसाउजेडीच उतरायचं, दुपारच्या आत. एकट्याने नाही. दोर सुटता कामा नये. अठरा मीटरच्या खाली नाही, मग काठावर कोणीही उभं असो. दिवसातून एकाच माणसाने दोनदा उतरायचं नाही. अठराचा आकडा गर्दीला पटत नाही, पण तेवढ्या खोलीवर वेळ मिळतो, डोकं शाबूत राहतं, आणि काही बिघडलं तर थेट वर येण्यात धोका कमी.

आणि एक नियम रस्त्याचा. मालवणात बुडी मारून त्याच संध्याकाळी आंबोली किंवा फोंडा घाट चढून घरी यायची घाई आमची मुलं करायची. विमानप्रवासाबाबत डायव्हिंगचे वैद्यक सांगतात, एका साध्या बुडीनंतर किमान बारा तास आणि अनेक बुड्यांनंतर अठरा तास थांबावं. घाट म्हणजे छोटं विमानच. बामणोलीत तर सुटकाच नाही. तिथून साताऱ्याकडे यायचं तर कासचं पठार आडवं येतं, सुमारे बाराशे मीटर. तापोळ्याहून महाबळेश्वर त्याहूनही वर. एखाद्याच्या सांध्यात बुडबुडा धरला असेल, तर उपचाराकडे जाणारा रस्ताच आधी हवेचा दाब आणखी कमी करून तो बुडबुडा फुगवणार. दाबकक्षासाठी मुंबई गाठायची. कुलाब्यात नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात ती सोय आहे. म्हणजे घाटापुढे सहा-सात तासांची वाट. गाडीत प्राणवायूचा सिलिंडर ठेवतो, तो याचसाठी.

म्हणून शोध लवकर संपला तरी त्या रात्री आम्ही मेढ्याला परतत नाही. बामणोलीतच कोणाच्या तरी पडवीत अंथरुणं पडतात. घरमालकीण नाचणीची भाकरी आणि कुळथाचं माडगं देते, शेकोटी लांब पेटवायला सांगावी लागते, आणि दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावरच गाडी कासच्या चढाला लागते.